कुलूप, ओळख आणि अधिकार

गेल्या वर्षी वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, त्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची ही गोष्ट आहे. आमच्या शाळेचा निकाल आता फलकाबरोबर इंटरनेटवरही प्रसिद्ध होतो. पालकाने आपणांस दिलेला पासवर्ड भरावा, म्हणजे पाल्याची गुणपत्रिका त्याच्यासमोर यावी, अशी व्यवस्था आम्ही एका कंपनीकडून करवून घेतली होती. त्या दिवशी मधल्या सुट्टीत इयत्ता नववीचा एक विद्यार्थी आमच्या खोलीच्या दाराशी बराच वेळ घुटमळला आणि शेवटी आत आला. वडिलांचा मोबाईल आमच्यापुढे धरून त्याने आपली गुणपत्रिका दाखविली. पृष्ठाच्या पत्त्याच्या शेवटी एक संख्या होती. तीत त्याने एक मिळविला, आणि त्याच्या गुणपत्रिकेच्या जागी दुसऱ्याच एका मुलीची गुणपत्रिका आली. तीत तिचे गुण होते, जन्मतारीख होती, घरचा पत्ता होता आणि वडिलांचा दूरध्वनी क्रमांकही होता. "सर, कुठलाही आकडा टाकला तरी असेच होते," एवढेच तो म्हणाला.

शिक्षकांच्या खोलीत ही वार्ता पोचताच मुलाला शिक्षा करावी असा सूर निघाला. आमच्याही मनात क्षणभर तोच विचार आला, हे येथे कबूल केले पाहिजे. तो बाजूला ठेवून आम्ही प्रथम कंपनीस दूरध्वनी केला. तिकडून शांतपणे उत्तर आले, "आपल्या पृष्ठावर कुलूप आहे. सर्व मजकूर कूटरूपात जातो. पृष्ठ सुरक्षित आहे." आम्ही पाहिले तो पत्त्याच्या पट्टीत कुलपाचे चित्र खरोखरच होते. कुलूप खरे होते आणि परक्या मुलीची गुणपत्रिकाही खरी होती! या दोन खऱ्या गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे त्या वेळी आम्हांस सांगता आले नाही.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रविद्येशी आमचा संबंध कामापुरता. तथापि या प्रसंगानंतर काही महिने आम्ही जाणकारांस विचारले, थोडेबहुत वाचले, आणि जे हाती आले ते आमच्यासारख्याच शिक्षकांपुढे मांडावे असे ठरविले. वाङ्मयविषयक नियतकालिकात हा विषय कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. परंतु पुढील विवेचनावरून दिसून येईल की, या प्रकरणाच्या मुळाशी यंत्राचा बिघाड नव्हता. दोन शब्दांची गल्लत होती.

संकेत म्हणजे काय

दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलावयाचे तर कोणी आधी बोलावे, कोणत्या क्रमाने बोलावे, ऐकू आले नाही तर काय करावे, हे सर्व आधी ठरलेले असावे लागते. अशा ठरावाला इंग्रजीत प्रोटोकॉल म्हणतात. आपण त्यास संकेत म्हणू. भाषा हाही एक संकेतच आहे. 'पाणी' या ध्वनीचा पाण्याशी जन्मसंबंध नाही. आपण सर्वांनी तसे मानले आहे, म्हणून तहानलेल्याचे काम भागते.

इंटरनेटवर असे संकेत एकावर एक रचलेले असतात. सर्वांत खाली टीसीपी आणि आयपी ही जोडी आहे. व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ साली तिची मूळ कल्पना मांडली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे तिच्यावर चालू लागले. मजकुराचे लहान लहान तुकडे करणे, प्रत्येकावर पत्ता घालणे, वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागविणे आणि शेवटी सर्व तुकडे क्रमाने जुळविणे, हे या जोडीचे काम. टपालखाते जसे पत्रातील मजकुराची चौकशी करीत नाही, तसे हे संकेतही करीत नाहीत.

त्याच्यावर जो संकेत बसतो तो एचटीटीपी. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची योजना सुचविली. १९९१ मधील या संकेतात एकच क्रियापद होते, 'गेट', म्हणजे 'दे'. पुढे 'हे घे', 'हे बदल', 'हे पुसून टाक' अशा अर्थाची क्रियापदे आली. उत्तर देणारा सर्व्हर प्रत्येक उत्तराच्या आरंभी तीन अंकी संख्या देतो. २०० म्हणजे मागितलेले मिळाले. ४०४ म्हणजे अशी वस्तूच येथे नाही. ४०१ आणि ४०३ या दोन संख्या वाचकांनी लक्षात ठेवाव्या. त्यांची गाठ पुढे पडणार आहे.

संकेत एकदा रूढ झाला म्हणजे तो शुद्ध आहे की अशुद्ध, हा प्रश्न मागे पडतो. याचे एक मौजेचे उदाहरण शिक्षकांस आवडेल. आपण कोणत्या पृष्ठावरून आलो हे सांगणारी एक ओळ एचटीटीपीत असते. तिचे नाव 'रेफरर'. इंग्रजी शुद्धलेखनाप्रमाणे या शब्दाच्या मध्ये दोनदा 'आर' हवा. पण संकेत लिहिताना तेथला एक 'आर' गळाला, आणि ती चूक ध्यानात येईपर्यंत असंख्य यंत्रे तसेच लिहू लागली होती. आज जगातील प्रत्येक ब्राउझर हा शब्द चुकीचा लिहितो आणि तोच बरोबर आहे.

कुलपाचे काम

एचटीटीपीची मूळ रीत पोस्टकार्डाची होती. पोस्टकार्ड ज्या ज्या हातांतून जाईल तो तो हात ते वाचू शकतो, आणि मनात आणल्यास त्यात खाडाखोडही करू शकतो. १९९४ च्या सुमारास नेटस्केप कंपनीने पोस्टकार्डाला बंद पाकीट चढविण्याची रीत तयार करण्यास घेतली. एसएसएल या नावाने ती १९९५ साली लोकांपुढे आली, आणि १९९९ पासून तिलाच टीएलएस म्हणू लागले. तिची २०१८ साली निघालेली १.३ ही आवृत्ती आज सर्वत्र रुळली आहे, १.० व १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१ मध्ये रीतसर बाद ठरविण्यात आल्या. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असे दिसते, त्यातील शेवटचा 'एस' म्हणजे हे पाकीट.

परंतु येथे एक कोडे पडते. कूटलेखनाला किल्ली लागते. दोघांपाशी एकच गुप्त किल्ली असेल तर प्रश्न नाही. पण जी दोन यंत्रे पूर्वी कधी भेटली नाहीत त्यांनी भर बाजारात, सर्वांच्या देखत, गुप्त किल्ली ठरवावी कशी? व्हिटफिल्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली याचे उत्तर दिले. ते इतके सुंदर आहे की आठवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखविता येते.

क आणि ख यांनी मोठ्याने बोलून ५ आणि २३ या दोन संख्या ठरविल्या. क ने मनात ७ धरले, ख ने मनात ३ धरले. हे आकडे त्यांनी कोणास सांगितले नाहीत. क ने ५ ही संख्या सात वेळा घेऊन गुणाकार केला. तो ७८१२५ आला. त्यास २३ ने भागून उरलेली बाकी १७ त्याने मोठ्याने सांगितली. ख ने ५ तीन वेळा घेऊन गुणाकार केला, १२५ आले. २३ ने भागून बाकी १० उरली, ती त्याने मोठ्याने सांगितली. आता क ने ऐकलेले १० सात वेळा घेऊन गुणिले; एक कोटी झाले, आणि २३ ने भागून बाकी उरली १४. ख ने ऐकलेले १७ तीन वेळा घेऊन गुणिले. ४९१३ झाले, आणि बाकी उरली तीही १४! दोघांपाशी १४ ही एकच किल्ली आली, आणि ती कोणी उच्चारली नाही. बाजारातल्या ऐकणाऱ्याने ५, २३, १७ आणि १० एवढेच ऐकले. आमच्या लहान आकड्यांत तो थोड्या खटपटीने ७ आणि ३ शोधून काढील. पण २३ च्या जागी सहाशे सतरा अंकी मूळ संख्या घातली, तर आजच्या संगणकांनाही तो शोध आटोक्यातला राहत नाही. आज बहुतेक ठिकाणी गुणाकाराऐवजी वक्ररेषांचे निराळे गणित वापरतात. युक्ती मात्र तीच.

एवढ्याने काम भागत नाही. क ला किल्ली मिळाली खरी, पण समोर ख च आहे कशावरून? मध्येच कोणी तोतया उभा राहून क शी ख म्हणून आणि ख शी क म्हणून किल्ली ठरवू लागला, तर दोघांसही संशय येणार नाही. म्हणून सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवितो. 'ही किल्ली अमुक नावाच्या पत्त्याची आहे' असा त्यात मजकूर असतो आणि त्यावर एखाद्या मान्यवर संस्थेची सही असते. अशा संस्थांची यादी ब्राउझर आपल्याजवळ बाळगतो. पाकिटातील मजकुराच्या प्रत्येक भागावर एक पडताळ्याची खूणही असते. वाटेत एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही. जुन्या मराठी राजपत्रांत माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब असे. शिक्का पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तबापुढे कोणी ओळ वाढवू नये, हा त्याचा हेतू. आपण 'शिक्कामोर्तब' हा जोडशब्द एका दमात उच्चारतो, पण त्यातील कामे दोन आहेत, आणि टीएलएसमध्येही ती दोन म्हणूनच करावी लागतात.

सही करणारी संस्थाच फसली तर काय होते, हे २०११ साली दिसले. नेदरलँड्समधील डिजिनोटार या संस्थेच्या यंत्रांत कोणी शिरले आणि तिच्या सहीची पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे निघाली. त्यांत गूगलच्या नावाचेही एक होते, आणि त्याच्या बळावर इराणमधील नागरिकांचा पत्रव्यवहार वाटेत वाचला गेला. ब्राउझरांनी या संस्थेचे नाव आपल्या यादीतून काढून टाकले आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात तिचे दिवाळे वाजले.

आता हिशेब करू. कुलूप इतकेच सांगते की, वाटेत कोणी वाचले नाही, वाटेत कोणी बदलले नाही, आणि समोर ज्याचे नाव दिसते तोच पत्ता आहे. त्या पत्त्याचा मालक सज्जन आहे, असे ते सांगत नाही. २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देऊ लागली. तीमुळे वेबचे फार भले झाले. पण प्रमाणपत्र आता साधूस जितके सहज मिळते तितकेच ठकासही मिळते. लोक कुलपाचा अर्थ नको तितका मोठा करतात, हे ओळखून गूगलने २०२३ साली आपल्या क्रोम ब्राउझरच्या पट्टीतून कुलपाचे चित्र काढून टाकले आणि तेथे एक साधी खूण ठेविली. आमच्या कंपनीच्या उत्तरातील पहिली चूक येथेच होती. त्या मुलाने वाटेत कोणाचे पाकीट फोडले नव्हते. त्याने सर्व्हरला सरळ विचारले आणि सर्व्हरने त्याला बंद पाकिटात, मोर्तबासह, दुसऱ्याची गुणपत्रिका पाठविली होती.

विसराळू कारकून

एचटीटीपीचा एक स्वभाव येथे समजून घेतला पाहिजे. हा संकेत विसराळू आहे. आपण पासवर्ड देऊन आत गेलो, आणि क्षणाने दुसरे पृष्ठ मागितले, तर त्याच्या दृष्टीने आपण पुन्हा अनोळखी. खिडकीवरचा कारकून दर प्रश्नागणिक मागचे सर्व विसरतो, अशी कल्पना करावी. यावर १९९४ साली नेटस्केपमधील लू मॉन्टुली यांनी उपाय काढला. सर्व्हर पहिल्या भेटीत एक चिठ्ठी देतो, तिला कुकी म्हणतात. ब्राउझर पुढील प्रत्येक मागणीबरोबर ती चिठ्ठी दाखवितो, आणि कारकुनास ओळख पटते.

परंतु ही चिठ्ठी म्हणजे बेअरर चेक होय. ज्याच्या हाती ती, तोच मालक. २०१० च्या ऑक्टोबरात एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचे एक छोटे साधन प्रसिद्ध केले. त्या काळी अनेक मोठ्या संस्था पासवर्ड घेतानाच तेवढे पाकीट वापरीत आणि पुढचे पोस्टकार्डावर चालू देत. एकाच उघड्या वायफायवर बसलेल्या इतर लोकांच्या चिठ्ठ्या या साधनाने टिपता येत, आणि एका टिचकीसरशी त्यांच्या नावाने आत शिरता येई. ही उणीव तज्ज्ञांस आधीपासून ठाऊक होती. पण ती सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर आली तेव्हाच मोठ्या कंपन्या हलल्या, आणि पुढील काही वर्षांत सर्वच व्यवहार पाकिटातून चालू लागला.

आता यंत्रांनी यंत्रांशी बोलण्याची गोष्ट घेऊ. आपण पडद्यावर पृष्ठ पाहतो, पण मोबाईलमधील ॲप पृष्ठ मागत नाही. ते सर्व्हरच्या एका मागच्या खिडकीवर जाऊन केवळ माहिती मागते. या खिडकीला एपीआय म्हणतात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये आपण एका कंपनीच्या ॲपवरून दुसऱ्याच बँकेतील पैसे पाठवितो, ते अशा खिडक्यांच्या आधाराने. येथे कुकीच्या जागी बहुधा टोकन असते. एका कंपनीला आपल्या दुसऱ्या खात्यातील काही माहिती पाहू द्यावयाची असेल, तर पासवर्डच तिच्या स्वाधीन करावा लागू नये, यासाठी ओऑथ २.० हा संकेत २०१२ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. त्याने दिलेले टोकन म्हणजे खास मुखत्यारपत्र. अमुक काम, अमुक मुदत, आणि त्यापलीकडे काही नाही. पासवर्ड देणे म्हणजे घराची किल्ली देणे, आणि मुखत्यारपत्र देणे म्हणजे एका कामापुरती मुभा देणे, हा भेद आपल्या भाषेस नवा नाही.

ओळख पटली, पुढे काय?

येथे आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या विद्यार्थ्याची ओळख पटलेली होती. त्याच्या वडिलांचा पासवर्ड खरा होता, चिठ्ठी खरी होती. सर्व्हरने पहिला प्रश्न बरोबर विचारला होता: 'तू कोण?' त्याने दुसरा प्रश्न विचारलाच नाही: 'तू मागतोस ते तुझे आहे काय?' पहिल्या प्रश्नाचे नाव ओळख, दुसऱ्याचे नाव अधिकार. तलाठ्यास आपण ओळखतो म्हणून तो आपल्याला शेजाऱ्याचे शेत लिहून देत नाही. ओळखीने अधिकार सिद्ध होत नाही, हे खेड्यातील निरक्षर माणसासही ठाऊक असते.

मग सुशिक्षित कारागिरांकडून ही गल्लत का व्हावी? आमच्या मते याचे थोडे मूळ शब्दांत आहे. इंग्रजीत ओळख पटविण्यास 'ऑथेंटिकेशन' म्हणतात आणि अधिकार देण्यास 'ऑथरायझेशन'. दोन्ही शब्दांचा आरंभ सारखा. दोघांचेही संक्षिप्त रूप बोलण्यात 'ऑथ' असे होते. खुद्द एचटीटीपीतही ही गल्लत कायमची होऊन बसली आहे. मघाशी राखून ठेवलेली ४०१ ही संख्या 'तुझी ओळख पटली नाही' असे सांगण्यासाठी आहे. परंतु संकेतात तिच्यापुढे लिहिलेला इंग्रजी शब्द आहे 'अनऑथराइज्ड', म्हणजे 'अधिकार नसलेला'. खरा अधिकार नाकारणारी संख्या निराळी आहे, ती ४०३: 'तू कोण हे कळले, पण हे तुला मिळणार नाही.' या बाबतीत आपली मराठी भाग्यवान आहे. 'ओळख' आणि 'अधिकार' हे शब्द कानाला इतके भिन्न आहेत की, त्यांची गल्लत करू म्हटले तरी होणे कठीण. मराठीतून विचार करणाऱ्या कारागिराने दोन प्रश्न वेगळे लिहून काढले असते, तर एक विसरल्याचे त्यास तेथेच दिसले असते.

हा दोष केवळ आमच्यासारख्या लहान शाळेच्या वाट्यास आला असे नाही. अमेरिकेत मालमत्तेच्या हक्कांचा विमा उतरविणारी फर्स्ट अमेरिकन ही मोठी कंपनी आहे. तिच्या संकेतस्थळावरील कागदपत्राच्या दुव्यातील एक अंक बदलला की दुसऱ्याचा कागद उघडतो, असे २०१९ च्या मे महिन्यात उघडकीस आले. घरखरेदीच्या व्यवहारांतील बँकखात्यांचे क्रमांक, करविषयक कागद असे सुमारे ८८ कोटी ५० लक्ष दस्तऐवज, पार २००३ पर्यंतचे, अशा रीतीने उघडे होते. ते पाहण्यास कोणत्याही कूटविद्येची गरज नव्हती. एकात एक मिळविता आला म्हणजे पुरे.

वेबच्या सुरक्षिततेसाठी काम करणारी ओवास्प ही संस्था एपीआयमधील दहा मोठ्या धोक्यांची यादी प्रसिद्ध करते. २०१९ च्या यादीत आणि पुन्हा २०२३ च्या यादीतही पहिले स्थान याच दोषास आहे. मागच्या खिडकीवर तो अधिक का आढळतो, याचे कारण साधे आहे. कारागीर पडद्यावर पालकास त्याच्याच पाल्याचा दुवा दाखवितो आणि समजतो की, जे दाखविले नाही ते कोणी मागणार नाही. परंतु मागच्या खिडकीला पडदा नसतो. तेथे मागणी कोणीही आपल्या हाताने लिहू शकतो. दुवा न दाखविणे निराळे आणि अधिकार नाकारणे निराळे. शिवाय माणूस कंटाळून दहा गुणपत्रिका पाहील; यंत्राला कंटाळा नाही, ते एका रात्रीत सर्व शाळा वाचून काढील.

उपाय काय करावा

उपाय अवघड नाही; तो प्रत्येक वेळी करणे मात्र जिकिरीचे आहे. माहितीच्या प्रत्येक मागणीच्या वेळी, मग ती पडद्यावरून येवो की एपीआयवरून, सर्व्हरने टोकनवरील नाव आणि मागितलेल्या वस्तूचा मालक यांची गाठ घालून पाहावी. जुळत नसेल तर ४०३ द्यावे. अथवा अशी वस्तू आहे हेही कळू नये असे वाटत असेल तर ४०४ द्यावे. अनुक्रमाने चढणाऱ्या संख्यांऐवजी लांबलचक, अंदाज न येणारी अक्षरमाला पत्त्यात घालावी, ही दुसरी खबरदारी. पण ती पहिलीची जागा घेऊ शकत नाही. पत्ता अवघड केला म्हणून दार बंद होत नाही. तिसरे, एका टोकनावर ठराविक वेळात किती मागण्या स्वीकारावयाच्या याची मर्यादा असावी. चौथे, टोकनाची मुदत थोडी असावी. आणि पाचवे, जे लागत नाही ते पाठवूच नये. गुणपत्रिकेत वडिलांचा दूरध्वनी क्रमांक असण्याचे प्रयोजन काय, याचे उत्तर आम्हांस आजही सापडलेले नाही. तो क्रमांक प्रवेशअर्जात आम्हीच मागितला होता, आणि आम्हीच तो कंपनीला दिला होता.

मुख्याध्यापकास अथवा संस्थेच्या कार्यवाहास संगणकाची भाषा येण्याची गरज नाही. त्याने करार करण्यापूर्वी एकच परीक्षा मागावी. दोन पालकांची परवानगी घेऊन त्यांची दोन खाती घ्यावी. पहिल्याच्या ओळखीने दुसऱ्याची गुणपत्रिका मागून दाखवा, असे कंपनीस सांगावे. आणि सर्व्हर नकार देतो हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. या परीक्षेस पाच मिनिटे लागतात. आम्ही ती घेतली नव्हती. कुलूप पाहून आमचे समाधान झाले होते.

आपल्या देशात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले असून त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीचे बंधन घातले आहे. म्हणजे आमच्या हजेरीपटावरील प्रत्येक नाव आता कायद्याच्या दृष्टीनेही ठेव आहे. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या संस्था ग्रंथालयांचे सभासद, परीक्षांचे निकाल, वर्गणीच्या याद्या हळूहळू इंटरनेटवर नेत आहेत. त्या सर्वांस हा विचार लागू आहे.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. कंपनीस दोष पटला तेव्हा पृष्ठ बंद करण्यात आले. आठ दिवसांनी दुरुस्ती झाली, आणि या वेळी ती वर सांगितलेली परीक्षा घेऊनच आम्ही स्वीकारली. घडले ते सर्व पालकांस पत्राने कळविले. त्या मुलास आम्ही शिक्षा केली नाही. पण त्याला जवळ बसवून हेही सांगितले की, दार उघडे आहे हे कळावयास एक आकडा पुरेसा होता. त्यापुढे दुसऱ्यांची पाने पाहणे योग्य नव्हे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकातील माहिती घेणे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाप्रमाणे गुन्हा ठरू शकते. असा दोष दिसला तर तेथेच थांबावे, मालकास कळवावे, आणि मालक ऐकत नसेल तर सर्ट-इन ही या कामासाठी नेमलेली केंद्र सरकारची संस्था आहे.

त्याने ते ऐकून घेतले आणि मग खाली मान घालून सांगितले की, ही गोष्ट त्याला निकालाच्या पहिल्याच दिवशी कळली होती. "तुम्ही रागवाल म्हणून आलो नाही, सर."

ते दोन दिवस आमच्या मनातून जात नाहीत. त्या दोन दिवसांत सर्व शाळेची पाने उघडी होती, आणि ज्या एका जिवाला हे ठाऊक होते तो आमच्या भीतीने गप्प होता. कंपनीचा दोष आठ दिवसांत दुरुस्त झाला. हा दुसरा दोष आमचा आहे. यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिल्या प्रार्थनेनंतर आम्ही मुलांस सांगितले की, शाळेच्या कोणत्याही व्यवस्थेत कोणास काही उणे दिसले, तर त्याने सरळ आमच्या खोलीत यावे. सांगणाऱ्यास शिक्षा होणार नाही. आतापर्यंत तिघे आले. दोघांच्या तक्रारी पिण्याच्या पाण्याच्या होत्या. त्याही खऱ्या निघाल्या.